बंदूक सगळ्यात शेवटी

गेल्या अंकात मी रविवारी पहाटे डबा भरून जंगलात ‘लढायला’ जाते असं लिहिलं, आणि संपादकांनी या वेळी पत्रांचा गठ्ठाच माझ्या दारात आणून टाकला. दोघातिघांना वाटलं मी सैन्यात आहे. नाही हो. मी लेस्टरमधल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. मूळची सांगलीची, वय ४७. अकरा वर्षं एअरसॉफ्ट खेळते आहे, आणि त्यातली चार वर्षं महिन्यातून एक रविवार मार्शल म्हणून उभी राहते. मार्शल म्हणजे अंगात झगझगीत केशरी जॅकेट घालून मोठ्या माणसांची लहान मुलांसारखी भांडणं सोडवणारी बाई.

तो अंक हाती न लागलेल्यांसाठी दोन ओळी. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका, त्यातून सुटणाऱ्या ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या, दोन संघ आणि एक जंगल. खेळ जपानी. तिथे सामान्य माणसाच्या हाती खरी बंदूक लागणं महाकठीण, म्हणून १९७० च्या दशकापासून खेळण्यातल्या बंदुकांचा हा शौक वाढला. १९९१ मध्ये टोकियो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी फामास (फ्रेंच सैन्याच्या रायफलची नक्कल) काढली आणि मग खेळ जगभर पसरला. गोळी अंगावर रंग सोडत नाही. लागली की आपणच ‘हिट’ ओरडायचं, हात वर करायचा आणि बाहेर पडायचं. गल्ली क्रिकेटमध्ये कट लागून कीपरकडे गेलेल्या बॉलवर स्वतःहून चालू लागणारा पोरगा आठवा. खेळ सगळा त्याच्या जिवावर चालतो.

आता पत्रं.

*ताई, मी रीडिंगला आयटीत आहे. तुमचा लेख वाचून एकदा जाऊन आलो, भाड्याचं सामान घेऊन, आणि वेडाच झालो. ५०० पौंड बाजूला काढले आहेत. एक एम-४ रायफल बघून ठेवली आहे, रेड डॉटसकट (नेम धरायची लाल ठिपक्याची दुर्बीण) ३८० ला जाते. उरलेल्या १२० मध्ये बाकीचं बसवायचं. गॉगल १० पौंडांत मिळतोय. बरोबर चाललंय ना?*

भाऊ, तुमची यादी उलटी धरली तर बरोबर आहे.

तो १० पौंडांचा गॉगल हातात घ्या आणि काचेच्या कोपऱ्यात बारीक कोरलेलं अक्षर शोधा. युरोपातल्या ईएन १६६ या मानकात धक्क्याच्या चाचणीला अक्षरं दिलेली असतात. ‘एफ’ असेल तर त्या काचेवर ६ मिलिमीटरची, ०.८६ ग्रॅमची स्टीलची गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून पाहिलेली आहे. ‘बी’ असेल तर तीच गोळी १२० मीटर वेगाने. आता हिशोब मी मांडते, मला दुसरं येतं काय! ‘एफ’च्या गोळीची ऊर्जा भरते ०.८७ ज्यूल. ‘बी’ची ६.२. आणि आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर ०.२० ग्रॅमच्या गोळीला ३५० फूट प्रतिसेकंद ही मर्यादा असते, ती होते १.१४ ज्यूल. स्टील वेगळं, प्लॅस्टिक वेगळं, तेव्हा तुलना काटेकोर नाही. पण डोळ्यासमोर कोणतं अक्षर हवं ते कळायला एवढं पुरे. मैदानाचा नियम ‘एफ’ चालवून घेत असेलही. मी माझ्या मुलाला ‘बी’ शिवाय पाठवलं नाही. अक्षरच नसेल तर तो गॉगल कांदा चिरताना वापरा.

जाळीचे गॉगल मिळतात, धुकं धरत नाहीत म्हणून लोक घेतात. जवळून आलेली गोळी जाळीवर फुटते आणि तिचा चुरा आत येतो. डोळ्यांवर जाळी नको. तोंडावर मात्र जाळीच हवी, आणि हे मी दाताने शिकले आहे. दुसऱ्या वर्षी सेफ झोनच्या (जिथे गोळी चालवायला बंदी, मास्क काढता येतो) दहा पावलं अलीकडे, तहान आवरेना म्हणून मास्क खाली ओढून पाण्याची बाटली तोंडाला लावली. गोळी कुणाची होती तेही कळलं नाही. समोरच्या दाताचा कोपरा गेला. डेंटिस्टने जेवढे घेतले तेवढ्यात तुमची एम-४ नाही, पण तिचा रेड डॉट नक्की आला असता. चूक शंभर टक्के माझी होती, मैदानाचा त्यात काही दोष नाही.

तोंडानंतर पाय. आपण सह्याद्रीत पावसाळ्यात फिरलेली माणसं, आपल्याला वाटतं इथली जंगलं म्हणजे बाग. बाग नाही. इकडची ओली चिकणमाती बुटाला भाकरीच्या पिठासारखी चिकटते आणि तिच्याखाली मुळांची जाळी असते. घोटा झाकणारे, तळाला खोल खाचा असलेले ट्रेकिंगचे बूट घ्या. असतील ते जुनेच घाला. नवे असतील तर आठवडाभर घरात घालून भांडी घासा, मग मैदानावर.

कपड्यांवर पैसे घालवू नका. ब्रिटिश सैन्याने २०१० पासून गणवेशाला एमटीपी नावाचा, आजूबाजूला मिसळून जाणारा छाप घेतला. त्याच्या आधीचा डीपीएम आणि वापरलेला एमटीपी, दोन्ही सैन्याच्या जुन्या मालाच्या दुकानांत ढिगाने असतात. शर्ट आणि पँट मिळून मी कधी २५ पौंडांच्या वर दिले नाहीत. कापड जाड आहे, काट्यात फाटत नाही आणि गुडघ्याला दुहेरी आहे.

आणि आता तुमची बंदूक. ती तुम्हाला आज कुणी विकणारच नाही, निदान ज्या काळ्या रंगात तुम्ही बघून ठेवली आहे त्या रंगात तरी नाही. २००६ च्या कायद्याने खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक विकणं हा इथे गुन्हा आहे, पण एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांना त्यातून सूट आहे. खेळता हे दाखवायला बहुतेक लोक उकाराची (UKARA, इथल्या एअरसॉफ्ट विक्रेत्यांची संघटना) नोंदणी वापरतात. विमा असलेल्या एकाच नोंदणीकृत मैदानावर किमान तीन खेळ, आणि पहिल्या व तिसऱ्या खेळात किमान ५६ दिवस. तोवर विकत घ्यायचीच असेल तर भडक निळी किंवा नारिंगी रंगवलेली मिळेल.

मला विचाराल तर हे ५६ दिवस म्हणजे कायद्याने केलेले उपकार आहेत. तीनही वेळा भाड्याची घ्या, आणि दर वेळी वेगळी घ्या. तिसऱ्या खेळानंतर तुम्हाला स्वतःहून कळेल की लांब नळीची बंदूक झुडपात अडकते, की तुमचा खांदा संध्याकाळी दुखतो, की तुम्ही रेड डॉटमधून एकदाही पाहिलं नाही. मग १८० ते २२० पौंडांत साधी, बॅटरीची, नावाजलेल्या कारखान्याची घ्या. ५०० मधले उरलेले पुढच्या चार रविवारच्या प्रवेशाला.

*मला चष्मा आहे, साडेतीन नंबर. गॉगल घातला की पाच मिनिटांत सगळं पांढरं. काढून पुसायला जावं तर मार्शल ओरडतात. काही उपाय? — कॉव्हेंट्री*

ओरडणारी मीच असेन कदाचित. ओरडणारच! मैदानात गॉगल काढणं हा एकच गुन्हा असा आहे ज्याला मी दुसरी संधी देत नाही. धुकं धरलं तर हात वर करा, ‘ब्लाइंड’ म्हणा, मार्शलचा हात धरून सेफ झोनला या. कुणी हसत नाही.

आता उपाय. मलाही चष्मा आहे, उणे चार, म्हणून यातले पैसे मी आधीच घालवून बसले आहे.

धुकं गॉगलमुळे कमी आणि तोंडामुळे जास्त येतं. कापडी स्कार्फ नाकावर गुंडाळला की श्वास बाहेर जायला वाट नसते, तो वर चढतो आणि थेट काचेवर. स्कार्फ काढून जाळीचा खालचा मास्क लावला, तेव्हा माझा निम्मा त्रास गेला. दुसरं, एकपदरी काच सोडून दुपदरी घ्या. मध्ये हवा असते, आतली काच गार पडत नाही. ईएन १६६ च्या खुणांमध्ये ‘एन’ हे अक्षर दिसलं तर ती काच धुक्याच्या चाचणीत उतरलेली आहे. ‘के’ म्हणजे ओरखड्यांच्या. बटणाएवढा पंखा बसवलेले गॉगलही येतात. माझ्याकडे होता, पण दिवसभर कानाशी डास असल्यासारखं वाटायचं. दिला एकाला.

चष्म्याच्या काचेला मी भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब बोटाने चोळते आणि न धुता मऊ कपड्याने कोरडं पुसते. दीड-दोन तास चालतं. गॉगलच्या आतल्या बाजूला हे करू नका, तिथे कारखान्याचा लेप असतो, तो निघून जातो. मी घालवला आहे.

कायमचा उपाय हवा असेल तर दोन आहेत. गॉगलच्या आत नंबरची काच बसवायची चौकट मिळते, किंवा त्या दिवसापुरत्या टाकाऊ लेन्स लावायच्या. मी रविवारी लेन्स लावते. सोमवारी कारखान्यात लोक विचारतात, काल चेहरा वेगळा दिसत होता का गं.

*ताई, मी सहा मॅगझिन (गोळ्या भरून बंदुकीला लावायचे खण), पिस्तूल, त्याची तीन मॅगझिन, रेडिओ, पाण्याची पिशवी, दोन ग्रेनेड आणि प्लेट कॅरिअर घालून खेळतो. दुपारपर्यंत पाय उचलत नाहीत. वजन ११ किलो भरलं. कशाची काटछाट करू? सगळंच लागतं. — लेस्टर (तुम्ही मला ओळखता)*

ओळखते तर. तूच तो, मार्च महिन्यात ओढ्यात उताणा पडलेला आणि कासवासारखा उठता न आलेला. दोघांनी ओढून काढलं होतं. वाईट वाटून घेऊ नकोस, माझाही असाच अवतार होता एकेकाळी.

‘सगळंच लागतं’ हे तू म्हणतोस, तुझी चादर काय म्हणते ते बघ. हा प्रकार मी माझ्या आईकडून उचलला. ती लग्नकार्याहून आली की ट्रंकेतलं सगळं चादरीवर ओतायची आणि न नेसलेल्या साड्या एका बाजूला काढायची. पुढच्या लग्नाला त्या जायच्या नाहीत. मी तेच करते. खेळून आल्यावर, आंघोळीच्याही आधी, गॅरेजमध्ये जुनी चादर पसरायची आणि एकेक पाउच रिकामा करायचा. ज्याला आज हात लागला ते डावीकडे, न लागलेलं उजवीकडे. सलग तीन रविवार उजवीकडे गेलेली वस्तू चौथ्या रविवारी गाडीतच राहते.

माझ्या चादरीने काय सांगितलं ते ऐक. पहिल्या वर्षी माझ्याकडे ३०० गोळ्यांची, खाली चाक फिरवून भरायची दोन मॅगझिन होती. भरपूर गोळ्या, पण चालताना डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आवाज. झुडपात दबा धरून बसले की मला सोडून सगळ्या जंगलाला मी कुठे आहे ते कळायचं. ती बदलून १२० गोळ्यांची स्प्रिंगवाली घेतली, ज्यांना मिड-कॅप म्हणतात. सहा घेतली. चादरीवर प्रत्येक वेळी तीन तरी भरलेली उजवीकडे पडायची. कारण साधं आहे. अर्ध्या तासाच्या एका फेरीत मी एकेक करून मारते, तीनशेच्या वर गोळ्या कधी जात नाहीत, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये सेफ झोनला भरायला वेळ असतोच. आता एक बंदुकीत, तीन कमरेला. बास.

पिस्तूल जंगलात पाच महिने सलग उजवीकडे पडलं. जिथे बंदूक पोचत नाही तिथे पिस्तूल काय पोचणार? इमारतीतल्या खेळाला मात्र तेच पहिलं पट्ट्यात जातं, कारण दाराच्या आत पाच मीटरवरून कुणाच्या तोंडावर रायफल झाडायची नसते. ग्रेनेडचंही तेच. खोली असेल तर उपयोग, झाडाला फेकून काय होणार.

प्लेट कॅरिअर काढून टाक. सैनिक तो घालतो तो आत चिलखताची पाटी असते म्हणून. आपण आत फोमचा तुकडा घालतो आणि त्यावर पाउच लटकवतो, म्हणजे अंगावर गादी बांधून धावतो. उन्हाळ्यात पाठ भाजते, पोटावर झोपता येत नाही. गोळी लागल्याचं कळतसुद्धा नाही, आणि मग समोरचा ओरडतो की हा हिट घेत नाही. माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या बऱ्याचशा खोट्या नसतात आणि बरेचसे खेळाडू चोरही नसतात, मध्ये फोम असतो.

त्याऐवजी रुंद पट्टा घे. डाव्या कुशीला तीन मॅगझिन, उजवीकडे मागे एक मोठी रिकामी थैली, जिला डंप पाउच म्हणतात. रिकामं मॅगझिन परत त्याच्या खणात घालायला जाऊ नकोस, थैलीत टाक आणि पुढे चल. ही १२ पौंडांची थैली माझ्या सगळ्या सामानातली सगळ्यात शहाणी वस्तू आहे. रिकामी मॅगझिन, काढलेले हातमोजे, दुसऱ्याची सापडलेली वस्तू, एकदा मशरूमसुद्धा. बंदुकीला खांद्यावरून दोन टोकांचा पट्टा लाव, म्हणजे दोन्ही हात मोकळे. छातीच्या खिशात लाल फडकं. ते वर, हाताशी, ओढलं की निघेल असं. आउट होऊन परतताना डोक्यावर ते नसेल तर परत चार गोळ्या खाशील आणि दोष कुणाला देणार?

पाणी काढू नकोस. पाण्याची पिशवी राहू दे.

माझं आजचं वजन बंदूक धरून साडेपाच किलो आहे. माळ्यावरच्या वजनकाट्यावर केलं आहे, कारखान्यातल्या नाही.

*माझा मुलगा मँचेस्टरला एमएस करायला गेला आहे. फोनवर सांगतो की मित्रांबरोबर बंदुकांचा खेळ खेळतो आणि आता स्वतःची घेणार आहे. आम्हाला पुण्यात बसून झोप लागत नाही. हे कायदेशीर आहे का? कुणी पकडणार तर नाही ना? — एक आई, कोथरूड*

वहिनी, खेळ पूर्ण कायदेशीर आहे. २०१७ पासून कायद्यात ऊर्जेची मर्यादाही लिहिलेली आहे. सलग गोळ्या सोडणारी असेल तर १.३ ज्यूल, एकेक सोडणारी असेल तर २.५. त्याच्या आत असेल तर ती कायद्याच्या दृष्टीने खरी बंदूक नाही. अठरा पूर्ण असल्यामुळे तो स्वतः विकत घेऊ शकतो, वर लिहिलं आहे त्या नोंदणीनंतर.

पकडायचा प्रश्न मात्र तुम्ही अगदी मर्मावर विचारलात. नकली बंदूकही सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी घेऊन फिरणं हा इथे गुन्हा आहे. मैदानावर जाणं हे कारण आहे. मित्रांना दाखवायला पार्कात काढणं हे कारण नाही, आणि खिडकीत उभं राहून फोटो काढणं तर नाहीच. समोरच्या घरातल्या आजीबाईंना ती खरीच दिसते, त्या पोलिसांना फोन करतात, आणि येणारे पोलीस त्या दिवशी खऱ्या बंदुका घेऊन येतात. मुलाला एवढंच सांगा, घरातून निघताना बंद चेनच्या पिशवीत, मॅगझिन आणि बॅटरी वेगळी, आणि मैदानाच्या फाटकाच्या आत गेल्याशिवाय चेन उघडायची नाही. मी गिटारची पिशवी वापरते. बसमध्ये एकदा एका काकांनी विचारलं, काय वाजवता? मी म्हटलं, अजून शिकते आहे.

राहण्याच्या जागेचा करार त्याला वाचायला लावा. विद्यार्थ्यांच्या खोल्यांमध्ये नकली शस्त्र ठेवायला मनाई असू शकते. तसं असेल तर मित्राच्या घरी ठेवायची.

आणि तुम्ही ज्याची काळजी करत नाही आहात ती सांगते, ती म्हणजे बॅटरी. या बंदुकांत लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी असते, बहुतेक वेळा ७.४ व्होल्टची, चॉकलेटच्या कांडीएवढी. माझी एक मी रात्री चार्जिंगला लावून झोपले. सकाळी पाहिलं तर तळणीतल्या पुरीसारखी टम्म. फुटली नाही हे नशीब. तेव्हापासून चार्जिंग नेहमी जागेपणी, त्या बॅटरीसाठीच असलेल्या चार्जरवर, आग न पकडणाऱ्या पिशवीत आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर. गादीवर किंवा अभ्यासाच्या कागदांवर कधीच नाही. एका सेलचा व्होल्टेज ३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि महिनाभर खेळायचं नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवून द्यायची. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्रात वेगळी घेतात.

शांत झोपा. पोरगं रविवारी मोबाइल सोडून जंगलात आठ तास चालतं आहे.

*गोळ्या कोणत्या वजनाच्या घ्याव्यात? दुकानात ०.२० पासून ०.४० पर्यंत दिसतात. — बर्मिंगहॅम*

या गोळ्यांना ‘बीबी’ म्हणतात यावर माझा नवरा अकरा वर्षं तोच विनोद करतो आहे, तो इथे लिहीत नाही.

गोळीचा नाममात्र व्यास ६ मिलिमीटर, चांगल्या कारखान्याची मोजलीत तर ५.९५ भरते. मी मोजते. एका स्वस्त पिशवीतल्या वीस गोळ्या मायक्रोमीटरला लावल्या तर दोन ५.९८ निघाल्या आणि एकीला चक्क पोटावर शिवण होती. अशी गोळी नळीत अडकली की आतल्या गिअरवर ताण येतो, म्हणून पिशवीत दोन पौंड वाचवू नका.

वजनाचं असं. नळीच्या मागच्या टोकाशी, गोळी आत शिरते तिथे, रबराचा एक उंचवटा असतो, तो जाताजाता गोळीला उलटी फिरकी देतो. त्या फिरकीने गोळी हवेत उचलली जाते आणि लांब जाते. उचलणं किती ते एका चाकाने ठरवायचं. हलकी गोळी लवकर निघते, पण वाऱ्याने भरकटते आणि फिरकी थोडी जास्त झाली की शेवटी पतंगासारखी वर चढते. जड गोळी सावकाश निघते, पण सरळ जाते, पानातून वाट काढते. ०.२० फक्त सकाळी वेग मोजायला. खेळायला नवख्याने ०.२५ घ्यावी, बंदूक ओळखीची झाली की ०.२८. मी तिथेच थांबले. ०.४० स्नायपरवाल्यांसाठी.

०.२८ च्या एक किलोच्या पिशवीत साडेतीन हजारांच्या थोड्या वर गोळ्या येतात. मला त्या तीन-चार रविवार जातात. जंगलात खेळत असाल तर पिशवीवर ‘बायो’ लिहिलेल्या घ्या, बहुतेक मैदानं दुसऱ्या चालवूनच घेत नाहीत. आणि बायो गोळ्या दमट गॅरेजमध्ये उघड्या ठेवू नका. फुगतात. लोणच्याच्या बरणीत ठेवा, झाकण घट्ट.

*गॅसचं पिस्तूल जुलैमध्ये मस्त चालत होतं. डिसेंबरमध्ये दोन गोळ्यांनंतर फुस्स. बिघडलं का? — डर्बी*

बिघडलेलं नाही, गारठलं आहे. त्यातला ‘ग्रीन गॅस’ म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि थोडं सिलिकॉन तेल. २० अंशांना त्याचा दाब साधारण ८ बार, शून्याला पाचच्याही आत. हिमालयात ट्रेकला जाऊन गॅसच्या डब्यावर चहा करायला बसलेल्यांना हे सांगायला नको. वर प्रत्येक गोळीबरोबर मॅगझिन आणखी गार होतं. मॅगझिन जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवा, दोन गोळ्यांमध्ये दम खा. हीटरवर ठेवायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. नाहीतर नोव्हेंबर ते मार्च पिस्तूल घरीच. मी तेच करते.

*मी पाच फूट एक इंच आहे. बाजारातलं सगळं सामान सहा फुटी पुरुषांसाठी. हातमोजे तर डब्यातल्या चपात्यांसारखे लोंबतात. बायकांनी काय घालायचं? — मिल्टन कीन्स*

अगं, मी पाच फूट! ये, हात मिळव.

हातमोजे शिकारीच्या किंवा सैन्याच्या दुकानात शोधू नकोस. बागकामाच्या आणि घोडेस्वारीच्या दुकानात जा, तिथे लहान मापं असतात. बोटांच्या पेरांवर जाड थर हवा, कारण बंदूक धरलेला हात सगळ्यात पुढे असतो आणि पहिली गोळी तिथेच बसते. थंडीत पेरावर बसलेली गोळी म्हणजे काय हे शाळेत पट्टीने मार खाल्लेल्यांना समजेल. ट्रिगरच्या बोटाचं टोक मी कापून शिवून घेतलं आहे.

छातीवर मॅगझिन अडकवायची रिग घेऊ नकोस. ती बाईच्या अंगाला नीट बसत नाही आणि ओणवं झालं की हनुवटीला लागते. कमरेचा पट्टा घे, पण पँटच्या लूपमधून न घालता वरून, दोन गाद्यांच्या पट्ट्या लावून, खांद्याला बारीक बंद. वजन कमरेच्या हाडावर बसतं. ज्या बाईने कडेवर पोर घेऊन भाजी आणली आहे तिला हे कुणी शिकवावं लागत नाही.

बंदुकीचा खांद्याला टेकणारा दस्ता आत-बाहेर सरकणारा हवा, सगळ्यात आखूड खाचेवर ठेव. भाड्याच्या बंदुकीचा दस्ता सरकतो का हे आदल्या दिवशी फोन करून विचार. सैन्याच्या जुन्या पँटवर पायाची लांबी आणि कंबर सेंटिमीटरमध्ये छापलेली असते, त्यामुळे अंदाजाने घ्यायची गरज नाही. मला लागते ती ढिगाच्या तळाशी असते, दुकानदार आता न विचारता वाकतो.

केस अंबाडा करून टोपीखाली. वेणी गॉगलच्या पट्ट्यात अडकते.

*दिवाळीला कोल्हापूरला जातोय. मेहुण्याने हट्ट धरला आहे, माझी जुनी बंदूक त्याला नेऊ का? — हॅरो*

नको. हातातल्या सामानात नकली बंदूक विमानात चढूच देत नाहीत. मोठ्या बॅगेतून गेली तर मुंबईला कस्टम्सच्या काउंटरवर हे खेळणं आहे हे पटवत बसावं लागेल, आणि बाहेर मेहुणा गाडी लावून वाट बघत असेल. त्याला चांगले ट्रेकिंगचे बूट न्या. पन्हाळ्याला जाईल.

*रविवारच्या डब्यात काय असतं? — पाच जणांनी विचारलंय, सगळे लेस्टरचे*

थालीपीठ आणि शेंगदाण्याची चटणी. मैदानावर बर्गर मिळतो, पण तो खाऊन दुपारच्या फेरीत मला झोप येते. डबा गाडीत पुढच्या काचेखाली ठेवते, उन्हं आली असली तर जरा कोमट राहतो. पाच जणांनी कशासाठी विचारलं आहे ते माझ्या लक्षात आलं आहे. चार जास्तीची करेन. ज्याच्याकडे लाल फडकं नसेल त्याला मिळणार नाही.